सोळावी तार

अलगदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वर्कशॉपमधल्या मंडळींनी ते ठेवलं, आणि ते असं चपखल बसलं की हजेरीपटावरचं नाव नुसतं हजेरीपुरतं उरलं. कप ठेवला तर बशीला पत्ता लागू द्यायचा नाही, दार लावलं तर कडीची झोप मोडायची नाही, आणि कुणाला झापायचंच झालं तर तेही इतक्या हळू आवाजात की समोरच्याने कान पुढे करून झापून घ्यावं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असते तर लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असतं. पण अलगदरावांचा धंदा होता तारा ओवण्याचा.

म्हणजे काय ते सांगायला हवं. आकाशात पुष्कळ तारे जोडीने राहतात. अशा काही जोड्यांमध्ये एक तारा चांगला धडधाकट असतो आणि दुसरा मरून, आकसून, एखाद्या शहराएवढा उरलेला. पण हा मेलेला भलता खादाड. जोडीदाराच्या अंगावरचा वायू ओढून घेतो, आणि तो वायू खाली कोसळता कोसळता इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. आपल्या डोक्यावरची हवा ते किरण खाली येऊ देत नाही, म्हणून ते मोजायला उपग्रहावर पेट्या बसवून पाठवाव्या लागतात. पेटीत वायू भरलेला आणि त्या वायूत केसाहून बारीक, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारा ताणून बसवलेल्या. किरण आत शिरला की जवळच्या तारेत विजेचा बारीकसा ठोका पडतो. किरण जेवढा दमदार तेवढा ठोका मोठा. एवढ्यावर ते सगळं शास्त्र उभं आहे.

अलगदराव ज्या संस्थेत होते तिथे या तारा हाताने ओवत. पंखा बंद, तोंडावर फडकं, डोळ्याला भिंग. पिनेच्या भोकातून तार काढायची, टोकाला इवलंसं वजन टांगायचं, ते डोलायचं थांबलं की श्वास रोखून कथिलाचा डाग द्यायचा आणि तार पक्की करायची. ओवायच्या दिवशी ते सकाळपासून चहाला शिवत नसत, हात थरथरेल म्हणून. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्या हातच्या शेवटच्या तीन पेट्या वर गेल्या त्याला आता नऊ वर्षं झाली होती. पेट्या बंद करून दिल्या आणि पाठोपाठ ते निवृत्त झाले, उपग्रह सुटायच्या आधीच.

घरात आता दोघंच, अलगदराव आणि त्यांची सून. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनीअर. वर्षातले आठ महिने पाण्यावर. सून त्याच संस्थेत, पण वरच्या मजल्यावर. सासऱ्याने पेट्या बनवायच्या आणि सुनेने त्या पेट्यांनी पाठवलेल्या आकड्यांतून ताऱ्यांच्या भानगडी शोधून काढायच्या, असा तो कारभार.

ती वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा विद्यार्थिनी होती. उघड्या पेटीवर वाकून तिने एका दमात सात प्रश्न विचारले. अलगदराव तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, "बाई, प्रश्न चांगले आहेत, पण त्यांची वाफ माझ्या तारांवर बसतेय." ती लाजली, चार पावलं मागे सरकली आणि तिथून तिने आठवा प्रश्न विचारला. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मुलाला सांगितलं की आज लाखात एक पोरगी पाहिली. मुलाने पुढे काय उद्योग केले ते त्याचं त्याला माहीत, पण अलगदराव अजूनही सांगतात की आधी पसंत मी केली.

तर एका गुरुवारी संध्याकाळी ही सून घरी आली ती चपला काढण्याआधीच बोलायला लागली.

"बाबा, ते घड्याळ बाजूला ठेवा. हात पुसा आणि चष्मा लावा."

जेवणाच्या टेबलाची वाटणी ठरलेली होती. खिडकीकडची बाजू तिच्या लॅपटॉपची, भिंतीकडची अलगदरावांच्या घड्याळांची. निवृत्तीनंतर ते शेजारपाजारची बंद पडलेली घड्याळं फुकटात चालू करून देत. हातातलं घड्याळ त्यांनी रुमालावर ठेवलं आणि खुर्ची सरकवली.

पडद्यावर आलेख होता. मधोमध एक उभा सुळका.

"हे लोखंड," ती म्हणाली. "ताऱ्यावर पडणाऱ्या वायूत असतं ना, तेच. त्याचा सुळका कायम याच जागी येतो, एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. आता याच्या डावीकडे बघा."

सुळक्याच्या पायथ्याशी, डाव्या अंगाला, छोटासा उंचवटा होता. उशीखाली कुणी लिंबू ठेवावं एवढासा.

"हेही लोखंडच आहे, पण आपल्यापासून लांब पळणारं. पळणाऱ्याचा किरण आपल्याकडे पोचेपर्यंत जरा नरम पडतो, म्हणून त्याची जागा डावीकडे सरकते. मी वेग काढला. प्रकाशाचा दहावा हिस्सा, बाबा. आतापर्यंत सगळ्यांना वाटत होतं हा जोडतारा नुसता खातो. हा थुंकतोयसुद्धा. आणि ते कुणालाच माहीत नव्हतं."

तिचे डोळे असे चमकत होते की अलगदरावांना आधी आलेख दिसलाच नाही, तीच दिसली. दोन वर्षं ही पोर या एका ताऱ्यामागे हात धुऊन लागली होती. बरोबरीचे लोक दुसरी सोपी कामं उरकून पुढे गेले. मागच्या वर्षी तिच्या नेमणुकीची मुदत वाढेल की नाही याचीही धाकधूक होती. त्यांना फार फार बरं वाटलं. मग त्यांनी आलेखाकडे नीट पाहिलं.

"कुठल्या पेटीतलं आहे हे?"

"दुसऱ्या. पहिलीचं व्होल्टेज कमी करून ठेवलंय, तिसरी गळते. आता सगळी भिस्त दुसरीवर."

"आधी कुणाला कसं दिसलं नाही मग?"

"एवढं लोखंड असलेल्या ताऱ्याकडे सलग अकरा दिवस कुणी बघितलंच नव्हतं. एक-दोन दिवसांच्या मोजणीत हा उंचवटा बुडून जातो. केवढासा तर आहे."

"केवढा?"

"सुळक्याच्या सहा टक्के. सव्वासहा म्हणा."

अलगदरावांनी जन्मभर सोळाच मोजले होते. पेटीच्या एका थरात सोळा तारा. शंभराचे सोळा वाटे केले तर एक वाटा किती, हे त्यांना कागद घेऊन काढावं लागत नव्हतं. सव्वासहा.

"मॅडमनी पण खोदून खोदून विचारलं," ती सांगतच होती. मॅडम म्हणजे तिच्या विभागप्रमुख. "म्हणाल्या, पेटीचा तर दोष नाही ना? मी म्हटलं, मॅडम, दुसऱ्या पेटीच्या तारा कुणी ओवल्यात ते तुम्हाला ठाऊक आहे. मग त्या काही बोलल्याच नाहीत. सोमवारी पाठवतेय लेख."

अलगदराव म्हणाले, "वा." आणि उगाचच घड्याळ उचलून त्याचं मागचं झाकण लावून टाकलं. आतली चकती रुमालावरच राहिली होती.

झालं होतं ते असं. नऊ वर्षांपूर्वी दुसरी पेटी बंद करायच्या दिवशी, सगळ्या तपासण्या उरकल्यावर, शेवटचा हात फिरवताना वरच्या थरातली सोळावी तार तुटली. काठाची तार. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून मोजून चार तारा तुटल्या होत्या, त्यांतली ही चौथी. वर्कशॉपमधली बाकीची मंडळी जेवायला गेली होती. रीळ बघितलं तर संपलेलं. खणात एका जुन्या कामाचं दुसरं रीळ पडलं होतं, त्यावर लिहिलेली जाडी मायक्रॉनभर जास्त होती. एवढ्याने काय होतंय, असं ते स्वतःशी म्हणाले. ती तार ओवली, डाग दिला, ताण बघितला. अगदी सुरेख बसली. मग पुन्हा एकदा तपासणी झाली, पण तपासणीचा किरण सोडणारा खडा ठेवत पेटीच्या मधोमध; काठाच्या तारेपर्यंत त्याचा मारा धड पोचत नसे. सगळं ठीक निघालं. नोंदवहीत अलगदरावांनी लिहिलं, 'वरचा थर, तारा सोळा, तपासल्या, ठीक', आणि खाली सही केली.

तार जाड झाली की तिच्यातला ठोका बारीक पडतो. एवढं त्यांनाही कळत होतं. पेटी सोळा तारांची बेरीज करून पाठवते. त्यांतल्या पंधरा तारा म्हणणार लोखंड इथे, आणि एक म्हणणार जरासं डावीकडे.

शुक्रवारी सकाळी सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं. चहा करून ते टेबलाशी आले, तर ती फोनवर नवऱ्याशी बोलत होती. जहाजावरून आवाज तुटत तुटत येत होता आणि ही त्याला थुंकणाऱ्या ताऱ्याची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होती. "बाबांच्या पेटीतून दिसलंय रे," ती म्हणाली आणि फोन त्यांच्या कानाला लावला. तिकडून मुलगा म्हणाला, "काय बाबा, दोघांनी मिळून मैदान मारलंत की." यावर माणूस काय बोलणार? अलगदरावांनी जहाजावरच्या हवेची चौकशी केली.

शनिवारी त्यांनी आडून सुरुवात केली. "काय गं, समजा एखादी तार जरा कमीजास्त असली, तर?" ती लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "इतरांच्या पेटीत असेल." तोंडचे शब्द त्यांनी गिळले. मग दुपारभर ते शेजारच्या बाईंचं गजराचं घड्याळ दुरुस्त करत बसले आणि ते इतकं दुरुस्त झालं की चार वेळा आपोआप वाजलं.

खरं सांगायचं तर त्यांना लेखाची काळजी कमी आणि स्वतःची जास्त होती. माणूस म्हातारा झाला की त्याच्याकडे आदराने बघणारे डोळे बोटावर मोजण्याएवढे उरतात. अलगदरावांकडे ते दोनच उरले होते आणि ते खिडकीकडच्या बाजूला बसलेले असत. वर्कशॉप केव्हाच नव्या लोकांच्या हातात गेलं होतं. मुलगा प्रेमळ होता, पण त्याला बापाच्या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. हिला कळत होतं. तार ओवणं म्हणजे काय हे कळून आदर करणारी ही एकटीच, आणि तिच्याच नजरेतून उतरायचं होतं. गप्प राहिलं तर कदाचित कधीच कुणाला कळणार नव्हतं. पेटी तर आकाशात. तिथे जाऊन कोण तारा मोजणार आहे, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला याचीच त्यांना लाज वाटली.

रविवारी सकाळी तिने लेख छापून आणला. "शेवटचं पान फक्त ऐका," म्हणाली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली. आभार कुणाकुणाचे होते. मॅडमचे, उपग्रह चालवणाऱ्यांचे, संगणक सांभाळणाऱ्यांचे. मग तिने घसा साफ केला. "'आणि दुसऱ्या पेटीच्या तारा ज्यांनी ओवल्या त्यांचे. या मोजणीवर विश्वास ठेवता येतो तो त्यांच्या हातांमुळे.'"

अलगदराव खुर्चीतून उठले. मग पुन्हा बसले.

"ती ओळ काढ," ते म्हणाले.

"का? लाजताय?"

"सोळावी तार वेगळी आहे. वरच्या थरातली. जुन्या रिळाची, मायक्रॉनभर जाड. बंद करायच्या दिवशी मूळची तुटली, रीळ संपलं होतं, मी दुसरी ओवली. वहीत लिहिलं नाही."

इतक्या हळू आवाजात ते कधीच बोलले नव्हते, तरी तिने एकदाही कान पुढे केला नाही. तिला सगळं ऐकू आलं होतं. तिने हातातल्या कागदांकडे पाहिलं. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. तिचा हिशोब चालला होता हे त्यांना कळलं.

"सव्वासहा," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं."

"हो."

"आणि मी सगळ्यांसमोर तुमच्या हातांचा दाखला दिला."

अलगदरावांनी टेबलावरचा रुमाल सरळ केला.

"थरातल्या तारांच्या दोन माळा असतात," ते म्हणाले. "विषम एक, सम एक. जोडणी मीच केलीय. पेटी बेरीज पाठवते, पण कच्च्या आकड्यांत दोन्ही वेगळ्या सापडतील. सोळावी सम माळेत आहे. फक्त विषम घेऊन बघ. उंचवटा गेला तर..."

"मला कळतं ते," ती म्हणाली. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, पण या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. तिने पर्स उचलली आणि रविवार असूनही ती संस्थेत निघून गेली. दार धाडकन लागलं. त्या घरात दाराचा आवाज म्हणजे नवलच होतं.

संध्याकाळी परतली तेव्हा तिने चार वाक्यांत सांगितलं. विषम माळेत उंचवटा नाही. सम माळेत आहे, दुप्पट मोठा. मग तिने दुसऱ्या आठ ताऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या मोजण्या एकत्र केल्या, तर तिथेही लोखंडाच्या डावीकडे, त्याच जागी, तोच उंचवटा. आठही तारे एकाच वेगाने थुंकणार नाहीत. मग ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, या वेळी हळू, आणि अलगदरावांना ते धाडकन लावल्यापेक्षा जास्त लागलं.

सोमवार आणि मंगळवार घरात दोन माणसं राहत होती आणि एकाही माणसाचा आवाज नव्हता. अलगदरावांनी चहा करून तिच्या बाजूला ठेवावा आणि भिंतीकडे सरकून बसावं. ती चहा प्यायची, कप विसळून ठेवायची, जायची. एकदा तिने लॅपटॉप बंद केला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून बराच वेळ बसून राहिली. पूर्वी ते म्हणाले असते, काय झालं गं? आता काय झालं ते त्यांनाच ठाऊक होतं. घड्याळांना त्यांनी हात लावला नाही. या हातांनी काही करावंसंच वाटेना.

बुधवारी दुपारी ती लवकर घरी आली. लॅपटॉप उघडून तो तिने टेबलाच्या मधोमध ठेवला, खिडकी आणि भिंत यांच्या सीमेवर.

"इकडे बसा," ती म्हणाली. "मी अजून रागावलेली आहे, ते आधीच सांगते."

"हो."

"मॅडमना सगळं सांगितलं. लेख बाद झाला. मुदतीचं त्या बघतील म्हणाल्या, पण लेख गेलाच. दोन वर्षं, बाबा." तिने लॅपटॉप जरा आपल्याकडे वळवला. "आता ही पेटी वापरणाऱ्या सगळ्यांना कळवायला हवं. नाहीतर उद्या कुठलातरी दुसरा वेडा याच उंचवट्यावर नाचेल. याला एक फॉर्म असतो. माहिती तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्ही सांगायचं, मी लिहिणार."

फॉर्म साधाच होता, रकान्यांचा. पेटी: दुसरी. थर: वरचा. तार: सोळावी. मूळ जाडी, बदललेली जाडी, बदलल्याची तारीख. अलगदराव एकेक सांगत गेले. तारखेला अडखळले नाहीत, वारसुद्धा सांगितला. वजन किती टांगलं होतं, डाग कुठल्या बाजूने दिला, हवा किती दमट होती. ती विचारत गेली, आधी तुटक, मग हळूहळू तिच्या मूळच्या चालीवर येत. एका दमात तीन प्रश्न आले तेव्हा अलगदरावांचा जीव थोडा भांड्यात पडला.

"बाकीच्या दोन पेट्यांत असं काही?"

त्यांनी डोळे मिटून तीनही पेट्या मनातल्या मनात तारेतारेने तपासल्या. याला बराच वेळ लागला आणि ती थांबली.

"नाही. एवढं एकच."

"नक्की?"

"नक्की. पण तू माझ्या शब्दावर जाऊ नकोस. सम-विषम करून बघ."

तिने मान हलवली. शेवटचा रकाना उरला होता. कारण. तिथे तिने स्वतःच लिहून टाकलं, 'मूळ तारेचं रीळ संपल्यामुळे', आणि ती फॉर्म मिटणार, इतक्यात अलगदरावांनी तिच्या मनगटावर बोट ठेवलं. तार तपासताना ठेवत तितकंच अलगद.

"हे खरं नाही."

"तुम्हीच सांगितलंत ना, रीळ संपलं होतं?"

"संपलं होतं. पण ते कारण नव्हे." ते थांबले. नऊ वर्षं त्यांनी स्वतःलाही रिळाचंच कारण सांगितलं होतं, आणि ते इतकं घासून गुळगुळीत झालं होतं की खरंच वाटायला लागलं होतं. "रीळ मागवता आलं असतं. तीन आठवड्यांत आलं असतं. उपग्रह जायला चार महिने होते, कुणाची काही घाई नव्हती. मला निवृत्त व्हायला दोन आठवडे राहिले होते. मी सांगितलं असतं तर ती तार माझ्या जागी येणाऱ्याने ओवली असती आणि झाकणही त्यानेच लावलं असतं. ते मला नको होतं."

तिने पडद्यावरच्या रिळाच्या ओळीकडे पाहिलं.

"लिही," ते म्हणाले. "ही पेटी आपल्याच हातून पुरी व्हावी, असं तार ओवणाऱ्याला वाटत होतं. म्हणून."

"बाबा, फॉर्ममध्ये असं कुणी लिहीत नाही."

"नाही लिहीत," अलगदराव म्हणाले. "मीही नाही लिहिलं. म्हणून तर तुझी दोन वर्षं गेली."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावून आलेली ती पोर, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं ठरवून आलेली, आणि ते आलंच. तिने बाहीने डोळे पुसले, रिळाची ओळ खोडली आणि ते म्हणाले होते तसंच, शब्दाला शब्द, टाइप केलं. मग वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. आणि मग अलगदराव म्हणाले, "मला माफ कर गं." तिने त्यांचा हात हातात घेतला. तो थरथरत होता. तो थांबेपर्यंत तिने धरून ठेवला, आणि त्याला जितका वेळ लागायचा तितका लागू दिला.

फॉर्म त्याच दिवशी मॅडमकडे गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा त्यांनी जाडीचा एक आकडा तपासायला सांगितला होता आणि तारीख लिहायची पद्धत बदलली होती. कारणाच्या रकान्याला त्यांनी हात लावला नव्हता. तो तसाच पुढे गेला, त्या पेटीतून आकाश पाहणाऱ्या प्रत्येकाकडे.